मूल मठ्ठ नव्हे, शिकविण्याची रीत अपुरी



दिनांक १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे आणि दोनच दिवसांनी, म्हणजे १६ ऑक्टोबर रोजी, तेव्हाच्या चांदा व आजच्या चंद्रपूर येथे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या जनतेस धम्मदीक्षा दिली. त्या दिवसाचा या जंगलभागातील जनतेस जो अभिमान वाटतो तो सार्थच आहे. पुढे २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. तथापि वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील बौद्ध वस्त्या त्या एकाच दीक्षेच्या वारस आहेत. तुमच्या आजोबांनी त्या मैदानावर दीक्षा घेतली असेल, किंवा तुमच्या घराने ती अगदी अलीकडे घेतली असेल. दोहोंच्या शिरावर जबाबदारी एकच आहे. घरातील प्रत्येक मूल शिकले पाहिजे, ही ती जबाबदारी होय.

'प्रत्येक' हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला आहे. दहावी-बारावीचा निकाल लागला म्हणजे आपण विहारात गुणवंतांचा सत्कार करतो. ते योग्यच आहे. परंतु जो मुलगा पाचवीनंतर गुरांमागे गेला, ज्या मुलीस 'हिला अक्षर चढत नाही' म्हणून धाकटे भावंड सांभाळण्यास घरी बसविले, त्यांची चौकशी कोणत्या सभेत होते? आज आम्हास त्या मुलांविषयी बोलावयाचे आहे.

सन १९२७ च्या मार्च महिन्यात मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना बाबासाहेबांनी सरकारला एक हिशेब ऐकविला होता. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ १८ मुले चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ८२ मुले पुन्हा निरक्षरतेत जाऊन पडतात, असे त्यांनी दाखवून दिले. त्या ८२ मुलांना त्यांनी मठ्ठ ठरविले नाही. शाळेच्या दारातून आत आलेले मूल कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, आणि त्यासाठी लागेल तो खर्च सरकारने केला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. गळालेल्या मुलाचा दोष मुलाच्या माथी न मारता व्यवस्थेस जाब विचारावयाचा, ही रीत त्यांनी आपणास घालून दिली. ती रीत आपण आपल्या स्वतःच्या घरात पाळतो काय, हा आमचा प्रश्न आहे.

हे मूल ओळखा

ज्या मुलाविषयी आम्ही बोलत आहोत ते तुमच्या शेजारी असेल, कदाचित तुमच्याच घरी असेल. ते बोलण्यात तरतरीत असते. रानातील पाखरे आवाजावरून ओळखते. तेंदूपानांच्या हंगामात पुडक्यांचा शेकड्याचा हिशेब तोंडी करते. जयंतीच्या मिरवणुकीतील गाणी एकदा ऐकून म्हणते. परंतु पुस्तक समोर आले की त्याची जीभ अडते. 'कमल' लिहावयाचे तर ते 'कलम' लिहिते. घ आणि ध, भ आणि म, ६ आणि ९ यांत त्याचा गोंधळ होतो. वेलांट्या, उकार, मात्रा गळतात आणि जोडाक्षर आले म्हणजे ते थबकते. फळ्यावरचे दोन ओळी उतरवून घेईपर्यंत फळा पुसला जातो. रात्री पाठ झालेले पाढे सकाळी निसटतात. घरी आई मारते, शाळेत गुरुजी बाकावर उभे करतात, सोबतचे हसतात. चार वर्षे असा अपमान सोसल्यावर ते मूल शाळेच्या नावाने पोटदुखी काढू लागते आणि आपण म्हणतो, 'याला शिकायचेच नाही.'

बांधवांनो, यांपैकी काही मुलांच्या अडचणीस शास्त्रात नाव आहे. तिला विशिष्ट अध्ययन अक्षमता असे म्हणतात. वाचनात अडचण असली तर डिस्लेक्सिया, लेखनात असली तर डिस्ग्राफिया, आकडेमोडीत असली तर डिस्कॅल्क्युलिया, अशी तिची रूपे आहेत. अशा मुलाची बुद्धी कमी नसते. ती सामान्य असते, कधी सामान्याहूनही अधिक असते. ध्वनी आणि अक्षर यांची सांगड घालण्याचे जे काम इतरांच्या मेंदूत सहज होते, ते या मुलाच्या मेंदूत अडखळत होते. ही अडचण पुष्कळदा एकाच घराण्यात वडिलांस, काकास आणि मुलास अशी चालत आलेली दिसते. ती आळसाने येत नाही आणि माराने जात नाही. तीवर गोळी नाही, इंजेक्शन नाही. मात्र वेळीच ओळखून निराळ्या पद्धतीने शिकविले तर ते मूल वाचू लागते, परीक्षा देते आणि आपल्या पायांवर उभे राहते.

सन २००७ मध्ये 'तारे जमीन पर' हा चित्रपट आला तेव्हा ही गोष्ट घरोघर पोहोचली. परंतु त्यातील मूल खात्यापित्या शहरी घरचे होते. त्यामुळे हा श्रीमंतांच्या इंग्रजी शाळांतील प्रकार आहे, मजुराच्या मुलास तो होत नाही, असा समज पुष्कळांचा झाला. हा समज खोटा आहे. फरक इतकाच की, श्रीमंताच्या मुलास तपासणी मिळते आणि गरिबाच्या मुलास छडी मिळते. वरोऱ्याच्या आनंदवनात अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा चालतात. डोळ्यांचे व कानांचे व्यंग सर्वांस दिसते, म्हणून त्याची दखल या भागात फार पूर्वी घेतली गेली. ही अक्षमता दिसत नाही, एवढ्याच कारणाने तिची दखल उशिरा घेतली गेली.

प्रत्येक मागे पडलेले मूल असे नसते

येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. वाचता न येणाऱ्या प्रत्येक मुलास ही अक्षमता असते असे नाही. आपल्या दोन जिल्ह्यांत तर हा विवेक अधिकच आवश्यक आहे.

भामरागड, एटापल्ली, धानोरा या भागांत मूल घरी माडिया किंवा गोंडी बोलते, सिरोंच्याकडे तेलुगू बोलते, मुलचेऱ्याच्या वसाहतींत बंगाली बोलते. शाळेत मात्र त्यास पहिल्या दिवसापासून पुस्तकी मराठी ऐकावी लागते. ते गप्प बसले तर ती भाषेची अडचण आहे, बुद्धीची नव्हे. आपल्या झाडीपट्टीतील घरांतही तेच घडते. झाडीबोलीत 'ण' नाही, 'ळ' नाही; मूल ऐकते तसे 'पानी' लिहिते आणि वहीवर लाल फुली येते. ही चूक नसून ती त्याच्या आईची भाषा आहे. शिक्षकाने ती ओळखून तिच्यावरून प्रमाण भाषेकडे जावे, एवढेच त्याचे काम आहे.

दुसरे कारण शरीराचे असते. चष्मा लागलेला असतो पण कोणी डोळे तपासलेले नसतात. कानात पू झाल्याने ऐकू कमी येते. रक्त कमी असते. सिकलसेल हा रक्तदोष विदर्भात आदिवासी बांधवांत आणि आपल्या बौद्ध घरांत अधिक आढळतो; त्याच्या वेदनांमुळे मूल वारंवार गैरहजर राहते आणि काही मुलांच्या मेंदूस रक्तपुरवठा कमी पडून शिकण्यावरही परिणाम होतो. गडचिरोलीच्या जंगलात मलेरियाचा जोर आहे. मेंदूचा मलेरिया होऊन वाचलेल्या मुलास पुढे शिकण्यात अडचण येऊ शकते. तिसरे कारण आपल्या पोटापाण्याचे आहे. मोहाची फुले वेचणे, तेंदूपाने तोडणे, धानाची रोवणी या प्रत्येक हंगामात मूल काही दिवस शाळेबाहेर असते. आणि चौथे कारण म्हणजे ज्या शाळेत एकाच शिक्षकावर अनेक वर्गांचा भार आहे, तेथे मुलास मुळात शिकविलेच गेलेले नसते.

ही कारणे वेगळी काढल्यावर जे उरते ते अध्ययन अक्षमतेचे. म्हणून आम्ही दोन्ही बाजूंस बजावतो. पालकांनी कारण न शोधता मुलास मठ्ठ म्हणू नये. आणि शाळेनेही आपले न शिकविणे मुलाच्या अक्षमतेच्या पांघरुणाखाली झाकू नये.

पूर्वजन्माचे पाप नव्हे

अजूनही काही घरांत अशा मुलास देवऋषीकडे नेतात, गंडा बांधतात, उतारा टाकतात. कोणी म्हातारी म्हणते, 'मागल्या जन्मीचे भोग.' ज्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्यांच्या ओसरीवर हे शब्द शोभत नाहीत. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या धम्मग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत भगवंतांचा नव्हे असे सांगितले आहे. दीनदुबळ्यांच्या अवस्थेची जबाबदारी राज्यास व समाजास झटकता यावी, याखेरीज त्या सिद्धांताचा दुसरा उपयोग त्यांस दिसला नाही. मुलाच्या अडचणीस पूर्वजन्माचे नाव देणे म्हणजे शाळेस मोकळे सोडणे आणि स्वतःसही मोकळे सोडणे होय.

भगवंतांनी अशा शिष्यास कसे वागविले ते अट्ठकथांत सांगितले आहे. राजगृहातील दोन भाऊ भिक्खू झाले. थोरला महापंथक बुद्धिमान होता. धाकटा चूळपंथक याला चार चरणांची एक गाथा चार महिन्यांत पाठ होईना. पुढचा चरण घ्यावा तो मागचा निसटावा. थोरला भाऊ म्हणाला, 'तू या शासनास योग्य नाहीस, घरी जा.' जीवक वैद्याने संघास भोजनाचे निमंत्रण दिले तेव्हा त्याने धाकट्यास मोजणीतूनही वगळले. पहाटे चूळपंथक विहार सोडून निघाला असता भगवंत त्यास वाटेत भेटले. त्यांनी त्याच्या मस्तकावरून हात फिरविला आणि त्यास परत आणले. त्यास पुन्हा तीच गाथा घोकण्यास सांगितले नाही. एक स्वच्छ वस्त्र त्याच्या हाती दिले आणि ते चोळीत 'मळ जाणे' एवढाच एक शब्द म्हणत बसण्यास सांगितले. हाताच्या स्पर्शाने वस्त्र मळत गेले आणि ते पाहता पाहता त्या भिक्खूस अनित्यतेचा बोध झाला. तो अर्हतपदास पोहोचला.

अट्ठकथेत या कथेस पूर्वजन्माची आणि चमत्काराची जोड आहे. ती आपण बाजूस ठेवू. कथेचे मर्म असे आहे की, शिष्य तोच होता आणि शिकावयाचे तत्त्वही तेच होते. भगवंतांनी केवळ शिकविण्याचे साधन बदलले. थोरल्या भावाने परीक्षा घेतली आणि त्यास घालवून दिले. भगवंतांनी त्याचा मार्ग शोधला. तुमच्या घरी तुम्ही महापंथकाची भूमिका घेता की भगवंतांची, हे ज्याने त्याने ठरवावे.

कायद्याने दिलेले हक्क

दयेची याचना करण्याचे दिवस आपण मागे टाकले आहेत. या मुलांचा प्रश्न दयेचा नसून हक्काचा आहे आणि तो हक्क कायद्यात लिहिलेला आहे.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सातच प्रकार मोजले होते. त्यांत अध्ययन अक्षमतेचा समावेश नव्हता. महाराष्ट्रात १९९६ पासून अशा मुलांस परीक्षेत सवलती मिळू लागल्या, परंतु तपासणीची व प्रमाणपत्राची सोय प्रारंभी मुंबईतील मोजक्या रुग्णालयांत होती. चांद्याच्या शेतमजुरास त्या सवलतीचा काय उपयोग? २०१६ साली दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा झाला व तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याने २१ प्रकार मान्य केले. त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे आणि सिकलसेलही आहे. या कायद्यातील पुढील गोष्टी प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवाव्यात.

कलम १६ प्रमाणे, शासनाकडून निधी किंवा मान्यता मिळालेल्या शाळेने मुलांतील अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखावयाची आहे आणि तीवर योग्य ते शैक्षणिक उपाय करावयाचे आहेत. म्हणजे ओळखण्याचे कर्तव्य अशिक्षित आईवर नसून शाळेवर आहे. कलम १७ प्रमाणे शाळेत जाणाऱ्या मुलांची दर पाच वर्षांनी पाहणी करून अशी मुले शोधावयाची आहेत. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट अशा सोयी करण्याचेही तेच कलम सांगते. कलम ३१ प्रमाणे, ज्या मुलाचे दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून अधिक प्रमाणित झाले आहे, त्यास ६ ते १८ वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. इतरांस २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने हा हक्क चौदाव्या वर्षापर्यंत आहे. या मुलास तो अठरापर्यंत आहे. अशा प्रमाणित विद्यार्थ्यांसाठी पुढे उच्च शिक्षणाच्या शासकीय व अनुदानित संस्थांत किमान ५ टक्के आणि शासकीय नोकरीत ४ टक्के जागा राखीव आहेत. परीक्षेत तासास २० मिनिटे जादा वेळ ही सोयही रूढ झाली आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी हाताने लिहिण्यात अडचण असणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात असा निर्णय दिला की, ४० टक्क्यांची अट पूर्ण होत नाही म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही. त्याच वर्षी २८ ऑक्टोबर रोजी त्याच न्यायालयाने विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरविण्यास केंद्र शासनास सांगितले आणि पुढे असे प्रमाण ठरले: प्राथमिक शाळेत अशा १० मुलांमागे एक आणि त्यावरील वर्गांत १५ मुलांमागे एक. मार्च २०२५ मध्ये या शिक्षकांची पदे निर्माण करून भरण्याविषयी राज्यांस पुन्हा बजावण्यात आले. न्यायालयास पुन्हा बजवावे लागले, यावरूनच अंमलबजावणीची स्थिती काय आहे हे वाचकांच्या ध्यानात येईल.

हा विषय आज निकडीचा होण्याचे आणखी एक कारण आहे. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने नियम बदलून पाचवी आणि आठवीस वार्षिक परीक्षा व अनुत्तीर्ण झाल्यास फेरपरीक्षा ठेवली, आणि तीतही अनुत्तीर्ण होणाऱ्या मुलास त्याच वर्गात बसविण्याची तरतूद केली. ज्या मुलाची अडचण ओळखली गेली नाही, ते या दोन उंबरठ्यांवर पहिल्यांदा अडखळणार. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलास शाळेतून काढता येत नाही, हा नियम मात्र कायम आहे. 'तुमच्या मुलाचा दाखला घेऊन जा' असे कोणी म्हटले तर ते बेकायदेशीर आहे, हे ठामपणे सांगा.

काय करावे

प्रथम मुलाचे डोळे, कान आणि रक्त सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. त्यानंतर मुख्याध्यापकांस लेखी अर्ज द्या. तोंडी बोलणे हवेत विरते. कागदावर पोच घ्या व एक प्रत घरी ठेवा. लिहिता येत नसेल तर विहारातील शिकलेल्या तरुणाकडून लिहून घ्या. 'माझे मूल अमुक इयत्तेत आहे, त्यास वाचता लिहिता येत नाही, २०१६ च्या कायद्याच्या कलम १६ प्रमाणे त्याची तपासणी व्हावी', एवढे तीन ओळींत लिहिले तरी पुरे. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे काम पाहणारे विशेष शिक्षक असतात. त्यांच्याकडे मूल दाखविण्याचा आग्रह धरा. समग्र शिक्षा योजनेत अशा मुलांच्या साहाय्यासाठी आणि दिव्यांग मुलींच्या मासिक भत्त्यासाठी तरतूद आहे. तिचीही तेथेच विचारणा करा.

मूल आठ वर्षांचे झाल्यावर, म्हणजे साधारण तिसरीच्या सुमारास, अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र मिळू शकते. ते शिक्षकाने किंवा खासगी डॉक्टरने द्यावयाचे नसून शासनाने नेमलेल्या वैद्यकीय मंडळाने द्यावयाचे असते. त्यासाठी बालरोगतज्ज्ञ व मानसशास्त्रज्ञ लागतात आणि बुद्धिमापनाच्या व वाचन-लेखनाच्या चाचण्या होतात. दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी अर्ज संगणकावरून करावा लागतो. गावच्या सेवा केंद्रात तो भरता येतो.

आम्हास ठाऊक आहे की, हे सांगणे सोपे आणि करणे कठीण आहे. चंद्रपुरास २०१५ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ही जमेची बाजू आहे. परंतु सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे दोनशे किलोमीटर आहे. पर्लकोटेस पूर आला की भामरागडचा जगाशी संबंध तुटल्याचे प्रसंग कित्येक पावसाळ्यांत आले आहेत. एका फेरीत दोन दिवसांची मजुरी बुडते, आणि डॉक्टर नसले म्हणजे दुसरी फेरी पदरी पडते. म्हणून आमची मागणी अशी आहे की, मुलाने मंडळाकडे जाण्याऐवजी मंडळाने मुलाकडे यावे. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी ठरलेल्या दिवशी तपासणी शिबिर व्हावे, त्याची तारीख शाळेत आधी कळवावी आणि मुलाची चाचणी त्याच्या मातृभाषेत व्हावी. माडिया बोलणाऱ्या मुलाची परीक्षा पुस्तकी मराठीत घेऊन त्यास अक्षम ठरविणे हा तपासणीचा नव्हे, अन्यायाचा प्रकार होईल. आश्रमशाळांतील आदिवासी मुलांसाठीही आपण हीच मागणी केली पाहिजे. त्यांचे दुःख आपल्याहून वेगळे नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. या समितीत अशा मुलाच्या आईस बसवा. कलम १७ ची पाहणी आपल्या शाळेत झाली काय, किती मुले आढळली आणि त्यांच्यासाठी काय केले, हे तीन प्रश्न तिने सभेत विचारावेत व उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. तेथे दाद लागली नाही तर गटशिक्षणाधिकारी आणि त्यापुढे पुणे येथील दिव्यांग आयुक्त यांच्याकडे तक्रार करता येते.

शिक्का नव्हे, किल्ली

काही पालक आम्हास म्हणतील, 'आधीच जग आपल्या मुलांना कमी लेखते. त्यात आपणच आपल्या मुलास दिव्यांग म्हणून लिहून द्यावे काय? पुढे मुलीचे लग्न कसे जमेल?' ही भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. ज्यांच्या पूर्वजांवर जन्मतः अपात्रतेचा शिक्का मारला गेला, त्यांस नव्या शिक्क्याची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु आपलाच अनुभव आठवा. धम्मदीक्षेनंतर आपल्या लोकांच्या केंद्राकडील अनुसूचित जातीच्या सवलती बंद झाल्या आणि १९९० साली कायदा दुरुस्त होईपर्यंत बौद्धांस त्या परत मिळाल्या नाहीत. तो प्रदीर्घ लढा आपण कशासाठी दिला? हीनपणा मान्य करण्यासाठी नव्हे, तर अन्यायाची भरपाई हक्काने घेण्यासाठी. जातीचा दाखला ज्याप्रमाणे आपली लायकी सांगत नाही, त्याप्रमाणे हे प्रमाणपत्रही मुलाची लायकी सांगत नाही. मुलाच्या मार्गात कोठे अडसर आहे एवढेच ते सांगते. ते कपाळावर मारलेला शिक्का नसून कुलूप उघडण्याची किल्ली आहे. हवी तेव्हा वापरावी, नको तेव्हा पेटीत ठेवावी. उलट, 'मठ्ठ' हा शिक्का मात्र कोणत्याही कागदाशिवाय मुलाच्या मनावर उमटतो आणि जन्मभर पुसत नाही. आपल्या समाजास शतकानुशतके 'यांना विद्या येणे नाही' असे ऐकविले गेले. तोच शब्द आपल्या घरात, आपल्याच मुलास, आपल्याच तोंडून ऐकू येणे यासारखी दुसरी नामुष्की नाही.

विहाराचे काम

तज्ज्ञ येईपर्यंत हात जोडून बसण्याचे कारण नाही. प्रमाणपत्रावाचूनही मुलास शिकविता येते. ज्या गावात विहार आहे तेथे शिकलेल्या तरुण-तरुणींनी रोज संध्याकाळी अर्धा तास अशा दोन-चार मुलांस द्यावा. एकेक अक्षर मोठे काढून त्यावरून बोट फिरवू द्या. परातीत तांदळावर किंवा अंगणातील वाळूवर लिहू द्या. लिहिताना तोंडाने आवाज म्हणू द्या. डोळा, कान आणि हात एकत्र कामास लागले म्हणजे अक्षर ठसते. एका वेळी एकच जोडी घ्या. घ पक्का होईपर्यंत ध शिकवू नका. शब्द तोडून, टाळ्या वाजवून त्याचे तुकडे मोजावयास शिकवा. पन्नास वेळा लिहिण्याची शिक्षा देऊ नका. सर्वांसमोर मोठ्याने वाचण्याची सक्ती करू नका. धडा वाचून दाखवा आणि उत्तर तोंडी घ्या. मग त्यास किती समजले आहे ते पाहून तुम्हीच थक्क व्हाल.

वर्षावासात विहारात बाबासाहेबांच्या धम्मग्रंथाचे वाचन होते. जे मूल वाचू शकत नाही त्यास मागे बसवू नका. ऐकलेला भाग दुसऱ्या दिवशी आपल्या शब्दांत सांगण्याचा मान त्यास द्या. भगवंतांची वाणी कित्येक शतके कंठातून कंठात गेली आणि इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सिंहलद्वीपात प्रथम ग्रंथबद्ध झाली. तोवर ती जपणारे थोर भिक्खू पोथी वाचून मोठे झाले नव्हते. ऐकून, स्मरून आणि सांगून मोठे झाले होते. ऐकून शिकणाऱ्यास कमी लेखण्याचा अधिकार बौद्धास तरी नाही.

मुलींविषयी दोन शब्द निक्षून सांगितले पाहिजेत. मुलगा मागे पडला तर निदान त्यास शिकवणी लावतात. मुलगी मागे पडली तर तिला घरकामास जुंपतात आणि अठरा भरण्याची वाट पाहतात. जिची अक्षमता कोणी तपासली नाही अशी मुलगी निरक्षर आई होते आणि तिचे मूल अडखळले तर मदतीस घरात कोणी नसते. तेव्हा विहारातील त्या अर्ध्या तासात पहिली जागा मुलीची असावी.

वाचकहो, येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनास चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर लोटणाऱ्या जनसमुदायात तुम्हीही असाल. जाण्यापूर्वी आपल्या वस्तीत फिरून एक यादी करा: सहा ते अठरा वर्षांची किती मुले शाळेत जात नाहीत, किती मुले शाळेत जाऊनही वाचू शकत नाहीत, आणि त्यांपैकी कितींचे डोळे, कान व अध्ययन तपासले गेले आहे. ती यादी मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवा आणि पोच घ्या. १९२७ साली बाबासाहेबांनी विधिमंडळात ८२ मुलांचा हिशेब मागितला होता. आपल्या वस्तीतील चार मुलांचा हिशेब मागणे आपणास जड जाऊ नये.

जय भीम.